बिंदी, भांग आणि भिंत

बिंदी म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे टिकल्यांचं पाकीट आलं, त्यांच्यासाठी आधी खुलासा. मी जिच्याबद्दल बोलते आहे ती बिंदी सोन्याची असते. भांगातून एक साखळी येते, तिच्या पुढच्या टोकाला कपाळावर टेकणारं पदक असतं आणि मागच्या टोकाला, माथ्यावर, केसांत अडकवायचा आकडा. हल्लीच्या मुली हिला मांगटिका म्हणतात. सराफ काय, गिऱ्हाईक जे म्हणेल ते म्हणतो. साखळीला दोन्ही कानांकडे जाणारे फाटे फुटले की तिची माथापट्टी होते आणि माझ्या कामाचा वेळ दुप्पट होतो. आमच्या भागातल्या मुसलमान घरांतल्या नवऱ्या एका बाजूला जाळीदार झुमर लावतात, ती आणखी वेगळी विद्या. सांगायचं एवढंच, की कपाळावर दागिना दिसतो, पण त्याचा सगळा भार मागे केसांवर असतो, आणि तो सांभाळणं हे माझं पोट आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माझं पार्लर आहे. एका अंगाला तालीम, दुसऱ्या अंगाला फुटबॉलवाल्यांचा कट्टा, आणि मधे मी. पेठेतली अर्धी लग्नं माझ्या पिनांवर उभी राहिली आहेत, असं मी म्हटलं तर मेकअपवाल्या बाई चिडतील, पण त्या कशानेही चिडतात. या अंकाच्या संपादकांनी मला ‘धंद्यातल्या गमती लिहा’ म्हणून सांगितलं. गमती लिहायला माझी हरकत नाही. फक्त त्या घडत असताना कोणाला तरी घाम फुटलेला असतो, आणि बहुतेक वेळा ते कोणी म्हणजे मीच असते. या हकिगतीतली नावं बदलली आहेत. गाव बदललेलं नाही, कारण त्या गावात खोपा घालणाऱ्या बायका भरपूर आहेत.

नवरी येते ती मोबाइल पुढे करून. मोबाइलमध्ये एखाद्या नटीचा फोटो. त्या नटीचं कपाळ दोन बोटं, हिचं चार. मी म्हणते, “बाळ, केस तसे बांधते, कपाळ कुठून आणू?” मग आई रागावते. खरं तर नियम साधे आहेत. कपाळ मोठं असेल तर पदक जरा खाली सोडायचं आणि कानांपाशी बटा काढायच्या. कपाळ लहान असेल तर मागे पफ उंच घ्यायचा आणि पदक केसांच्या रेषेला टेकवायचं. केस मोकळे सोडायचेच असतील तर माथ्यावर, वरच्या केसांखाली, एक करंगळीएवढी वेणी घालायची आणि आकडा तिच्यात अडकवायचा, म्हणजे नवरीने कितीही मान वळवली तरी साखळी जागची हलत नाही. भांग नाकाच्या रेषेत काढायचा नसतो, कारण देवाने फार थोडी नाकं मधोमध बसवली आहेत. तो दोन भुवयांच्या मधून काढायचा. आणि लग्नाच्या दिवशी सकाळी केस धुवायचे नाहीत, आदल्या दिवशी धुवायचे. ताज्या धुतलेल्या केसांत पीन राहत नाही. हे मी प्रत्येकीला सांगते. प्रत्येक नवरी सकाळी धुऊन येते.

याहून मोठं संकट म्हणजे मत. भांग कुठे काढावा यावर सर्वांत ठाम मत टक्कल पडलेल्या काकांचं असतं. एका लग्नात नवरीला भांग बाजूला हवा होता आणि बिंदी मधे. हे जमत नाही, साखळी कपाळावरून तिरकी घाट चढल्यासारखी जाते, असं मी सांगितलं. तर नवऱ्याकडच्या काकांनी वराकडची आणि वधूकडची चार चार माणसं खोलीत बोलावून बैठक घेतली. तोडगा निघाला: अक्षतांपर्यंत भांग मधे, जेवणानंतर बाजूला. मी मान डोलावली. माझ्या धंद्यात मान डोलावणं हे अर्धं काम आहे.

उलट एकदा एका बौद्ध घरातली मुलगी आली, कॉलेजात शिकवणारी. पांढरी साडी नेसून समोर बसली आणि म्हणाली, “मुंडावळ्या नकोत. बिंदी पाहिजे, माझ्या आजीची आहे.” आई म्हणाली, “तुझं डोकं, तू ठरव.” आता कोणीतरी वाद घालेल म्हणून मी हातात कंगवा धरून वाट बघत राहिले. कोणीच घातला नाही. काम झालं, चहा झाला, माणसं वेळेवर गेली. अशा घरांवर लेख लिहिता येत नाही.

लेख लिहिता येतो तो शालनआक्कांवर.

त्याआधी गंगावन म्हणजे काय ते सांगते. खऱ्या केसांची, नाहीतर खऱ्यासारख्या दिसणाऱ्या केसांची ती जुडी. स्वतःचे केस कमी पडले की त्यात मिसळून वेणी घालायची, नाहीतर खोपा बांधायचा. आमच्या आज्यांच्या वेळेपासून हे चालत आलं आहे. आता त्यालाच एक्स्टेंशन म्हणतात. गंगावन लावलंय म्हटलं की बायका नाक मुरडतात, एक्स्टेंशन लावलंय म्हटलं की फोटो टाकतात. पण चाळिशी ओलांडलेल्या बायका अजून ते पदराखाली लपवूनच नेतात. म्हणून माझ्याकडे एक नियम आहे. कोणाच्या डोक्यावर स्वतःचं किती आणि दुकानातलं किती, हे या दुकानाबाहेर जात नाही. डॉक्टर आणि वकील जे पाळतात म्हणे, ते मी खरोखर पाळते.

शालनआक्का गडहिंग्लजकडच्या नेसरी गावच्या. भरपूर शेती, मोठं घर, आणि डोक्यावर असा खोपा की गावातल्या बायका आपल्या मुलींना तो दाखवून ‘तेल लाव, बघ कसे होतात’ म्हणून सांगायच्या. तो खोपा माझ्या दुकानातला होता. बाळंतपणानंतरच्या एका तापात त्यांचे केस गेले ते पुन्हा नीट आलेच नाहीत. पुढे भांगापुरते उरले, मागे सगळी हरी हरी. गंगावन गडहिंग्लजमध्ये घेतलं तर संध्याकाळपर्यंत नेसरीत कळेल, म्हणून त्या देवीचं दर्शन करायचं सांगून एसटीने कोल्हापूरला यायच्या. दर्शन करायच्या, हे खरं. पण माझ्याकडे आधी यायच्या.

अशाच एकदा खुर्चीत बसलेल्या असताना त्यांनी मुलाचं लग्न ठरल्याचं सांगितलं. मुलगा रणजित कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर. मुलगी आमच्याच पेठेतली, तेजू. तेजूला मी ओळखत होते. पेठेच्या मुलींच्या संघात ती बचावाला खेळते. समोरून कोणीही येवो, चेंडू तरी पुढे जाईल नाहीतर माणूस तरी, दोन्ही एकदम जाऊ देत नाही. केस अर्थातच मुलग्यासारखे कापलेले.

“पोरगी चांगली हाय,” आक्का म्हणाल्या. मी त्यांच्या मागे उभी राहून गंगावन पिनांनी बसवत होते. “पर डोस्क्यावर केस न्हाईत. आमच्या घराण्याची रीत हाय. अक्षता झाल्या की सासू आपल्या भांगातली बिंदी उतरून सगळ्यांम्होरं सुनंच्या भांगात घालती. माझ्या सासूनं मला घाटली, तिच्या सासूनं तिला. आता हिच्या डोस्क्यावर भांगच न्हाई तर बिंदी घालू कुठं, कानात?”

“मग काय ठरलं?” मी पीन तोंडात धरून विचारलं.

“बैठकीत सरळ सांगिटलं. आमी काय जुन्या वळणाची माणसं न्हवं. खेळ म्हणावं लग्नानंतर बी. तिला राज्याच्या शिबिराचं बोलावणं आलंय म्हणं, त्याला बी जा म्हणावं. फकस्त केस वाढव. बिंदी भांगात बसली तर बूट घिऊन सासरी ये, न्हाई बसली तर बूट माहेरीच ठिवून यायचं.” मग आरशात माझ्याकडे बघून त्या पुढे म्हणाल्या, “आणि खोटं केस चालायचं न्हाईत. आमच्या घरात खोटं काय चालत न्हाय.”

त्या क्षणी माझ्या हातात त्यांचा निम्मा खोपा होता. मी तो हळूच जागेवर ठेवला आणि मान डोलावली.

तेजूने केस वाढवले. मला ती रस्त्यात दिसायची, मानेवर रुळणारे केस रबरात कोंबलेले, चेहरा आंबट. लग्न दीड महिन्यावर आलं असताना ती दुकानात आली. डोक्यावर टोपी. टोपी काढली आणि मी कपाळाला हात लावला. केस पुन्हा मुलग्यासारखे. पुढे तेवढे चार बोटं राहिले होते.

आमच्या पेठेतल्या मुली स्वतःबद्दल मुलग्यासारखं बोलतात, बाहेरच्यांनी दचकू नये. तेजू म्हणाली, “काकी, मी कापलो.”

“ते दिसतंय. का?”

“मॅच हुती. हेडर माराया वर गेलतो, केस डोळ्यात आलं, बॉल माझ्या टाळक्यावरनं गेला आणि गोल. हरलो की वो. घरी आलो आणि आईची कात्री घेतलो.”

“आणि शिबिर?”

ती खुर्चीत बसली. एरवी मैदानावर तीन जणींना पाडणारी मुलगी, तिचे डोळे भरले. “काकी, मी त्या शिबिरासाठी लई राबलोय. रणजितला सांगितलं तर म्हणतोय, आई म्हणंल तसं. त्यो चांगला हाय, पर त्याचं मत त्याच्या आईकडं आसतंय. तुमी कायतरी करा. बिंदी भांगात बसली पायजे. एवढंच.”

मला त्या मुलीचं खरोखर वाईट वाटलं. डोक्यावरच्या केसांवरून पायांचा निकाल लावायचा, ही कुठली पद्धत? पण पद्धत होती, आणि त्या पद्धतीच्या डोक्यावर माझंच गंगावन होतं, आणि ते मी बोलू शकत नव्हते. मी तेजूला म्हटलं, “बिंदीला लांब केस लागत नाहीत, भांग लागतो. पुढचे चार बोटं पुरे. मागे मी गंगावन लावून अंबाडा घालते, वर गजरे. सासू भांगाला हात लावेल, अंबाड्याला कशाला लावेल?”

“आणि लावला तर?”

“तर तुझं शिबिर बुडालं आणि मी तुला ओळखतच नाही, असं समज.”

लग्नापर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. एकाच लग्नातल्या सासू आणि सून, दोघींच्या डोक्यांवर माझ्याच दुकानातली जुडी, दोघींनी एकमेकींपासून लपवलेली, आणि दोघींनी मला देवीची शपथ घातलेली. दोघी एकाच वेळी दुकानात येऊ नयेत म्हणून मी एकीला सकाळी बोलावायची, एकीला संध्याकाळी. एकदा आक्का वेळेआधी आल्या, तेव्हा तेजूला मी मागच्या दाराने तालमीच्या अंगणातून बाहेर काढलं. तिथले पैलवान अजून मला त्याबद्दल विचारतात.

लग्नाच्या दिवशी हॉलवर मी दोन खोल्यांमध्ये धावत होते. तेजूचं काम सुरेख झालं. पुढचे केस जेल लावून सरळ विंचरले, मधोमध भांग, मागे अंबाडा, अबोली आणि मोगऱ्याचे गजरे. तिने आरशात बघितलं आणि म्हणाली, “ही कोण?” तिची आई रडली. आया रडल्या की काम जमलं असं समजावं.

आक्कांचं काम जोखमीचं होतं. त्या घराण्याची बिंदी म्हणजे आजकालची पातळ साखळी नव्हे. तीन पदरांची, मधे चंद्र, खाली मोत्यांचा घोस. ती आधी त्यांच्या भांगात बसवायची, आणि लोकांसमोर सहज उतरलीही पाहिजे. मी माथ्यावर उरलेल्या त्यांच्या स्वतःच्या केसांत एक पीन आडवी घातली आणि आकडा तिच्यावर नुसता टेकवला. त्याच्या मागे खोपा, त्याला काहीच जोडलेलं नाही. “आक्का, आकडा मोकळा आहे. वर उचला, आपोआप निघेल. पुढे ओढू नका, आणि मधे हात लावू नका.”

“व्हय, व्हय,” आक्का म्हणाल्या. हे ‘व्हय, व्हय’ मी ओळखायला हवं होतं.

झालं असं, की मी बाहेर पडल्यावर त्यांच्या जाऊबाई खोलीत आल्या. या जाऊबाई म्हणजे कोणत्याही लग्नात असतात तशा, आवाज मोठा आणि नजर बारीक. त्या म्हणाल्या, “शालन, बिंदी हलतीया गं. पडंल बघ.” एवढं बोलून त्या जेवणाची वांगी बघायला गेल्या. आक्कांचा जीव खाली-वर. त्यांनी पिशवीतून काळा दोरा काढला, आकड्यातून ओवला आणि मागे खोप्याला चांगल्या तीन गाठी मारून टाकल्या. आपला खोपा खरा असता तर हा बंदोबस्त उत्तम होता. बहुधा इतक्या वर्षांत तो आपला नाही हे त्या स्वतःच विसरल्या होत्या.

अक्षता पडल्या. समोरासमोर दोन पाट मांडले. तेजू बसली, समोर आक्का बसल्या. मी तेजूच्या मागे, नवरीच्या पिना सांभाळायला म्हणून. खाली पहिल्या रांगेत तेजूचा सगळा संघ, जन्मात पहिल्यांदा साड्या नेसलेला. क्रेनवर लावलेला कॅमेरा डोक्यावरून फिरत होता. जाऊबाई स्टेजच्या पायरीवर उभ्या. आक्कांनी दोन्ही हात डोक्याशी नेले. मी मनात म्हटलं, वर उचला. त्यांनी पुढे ओढलं.

बिंदी येईना. त्यांनी जरा जोर लावला. आणि मी बघितलं, बिंदीच्या पाठोपाठ सबंध खोपा पुढे यायला लागला. पदर मागे घसरला, पिना पटापट निघाल्या आणि खोपा कानावर कलंडला. आक्कांनी एका हाताने डोकं झाकलं. दुसऱ्या हातात बिंदी, बिंदीला दोरा, दोऱ्याला जुडी. लोकांकडे त्यांचा एक कान होता आणि खोपा दुसऱ्या कानावर, त्यामुळे हे नीट दिसलं ते फक्त मला आणि तेजूला. नवरदेव मित्रांकडे बघून हसत होता. त्याचं मत जिथे असतं तिथेच त्याचं लक्ष असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या कोणाही सुनेने तोंडावर हात घेतला असता. तेजू पाटावरून अर्धी उठली आणि ओरडली, “भिंत!”

फुटबॉलमध्ये समोरच्याला फ्री किक मिळाली की खेळाडू खांद्याला खांदा लावून आडवे उभे राहतात, त्याला भिंत म्हणतात. पहिल्या रांगेतल्या मुलींनी काय झालंय हे विचारलंसुद्धा नाही. साड्या गुडघ्यापर्यंत उचलून सगळ्या स्टेजवर चढल्या आणि आमच्यापुढे भिंत करून उभ्या राहिल्या. गोलकीपर मुलगी उंच, तिने क्रेनचा कॅमेरा हाताने ढकलून तिसरीकडे फिरवला. जाऊबाई वर यायला लागल्या तर त्यांना एकीने इतक्या प्रेमाने मिठी मारली की त्या जागच्या हलू शकल्या नाहीत. लोकांना वाटलं काहीतरी सरप्राइज आहे. डीजेवाल्यालाही तेच वाटलं. त्याने गाणं लावलं. आता गाणं लागल्यावर नुसतं उभं कसं राहायचं? भिंत नाचायला लागली. खांदे न सोडता, जागा न सोडता, डावीकडे-उजवीकडे. पाहुण्यांनी टाळ्यांचा ताल धरला. नेसरीची म्हातारी माणसंही मान हलवत होती म्हणे.

भिंतीमागे मी कात्री घेऊन गुडघ्यावर बसले होते. दोरा कापला, बिंदी सुटली. पण जुडीचा पार गुंता झालेला. ती विंचरून पुन्हा बसवायची म्हणजे गाणं तीनदा लावावं लागलं असतं. आक्का पदराने डोकं झाकून बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं.

तेजू म्हणाली, “काकी, माझं काढा. आत्तींना लावा.” आमच्या दक्षिणेकडच्या गावांत सासूला आत्ती म्हणतात.

मी कात्री खाली ठेवली. “अगं, आणि तुझं शिबिर?”

“ते मागनं बघू. आदी बॉल भाईर काडा.”

आक्कांनी मान वर केली. तेजूने स्वतःच गजरे उपसले, पिना ओढल्या आणि अंबाडा काढून माझ्या हातात दिला. खाली तिचं कातरलेलं डोकं. आक्का त्या डोक्याकडे बघत होत्या, मी आक्कांच्या डोक्यावर तिचा अंबाडा बसवत होते, पुढे मुली नाचत होत्या. बांधणी माझीच असल्याने तो बसला, गजऱ्यांसकट. रंगही जुळला, कारण आक्कांचा कलपही माझ्याच दुकानातला.

मग आक्कांनी पदर सावरला, बिंदी दोन्ही हातांत घेतली आणि तेजूच्या भांगावर धरली. “आकडा कुठं लावू गं?” त्यांनी मला विचारलं. मी तेजूच्या माथ्याजवळच्या चार बोटं केसांतली पीन दाखवली. त्यांनी आकडा लावला. चंद्र दोन भुवयांच्या बरोबर मधे आला. छोट्या केसांमुळे सगळं कपाळ मोकळं होतं आणि ती जुनी बिंदी इतकी उठून दिसत होती, की तशी ती कुठल्याच पफखाली दिसली नसती. मी इतक्या बिंद्या बसवल्या आहेत, पण माझं एवढं चांगलं काम दुसऱ्या कोणाच्या हातून झालेलं मी तेव्हाच पाहिलं.

गाणं संपलं, भिंत बाजूला झाली. हॉलने बघितलं: सासूच्या डोक्यावर गजऱ्यांचा भरगच्च अंबाडा, आणि नवरीच्या डोक्यावर कापलेले केस आणि बिंदी.

आणि मग मिठीतून सुटलेल्या जाऊबाईंचा आवाज, माइकची गरज नसलेला. “अगं बया! नवरीचं केस कुटं गेलं?”

तेजूने खाली बघितलं. तिच्या मांडीवरच्या हातांच्या मुठी आवळलेल्या मला दिसत होत्या. घराण्यात खोटं चालत नाही, हे बैठकीत ऐकलेली सगळी माणसं समोर बसली होती. मी पिनांचा डबा उचलून पळायच्या तयारीत.

शालनआक्का उठून उभ्या राहिल्या. पदर नीट केला, अंबाड्याला एकदा हात लावून बघितला.

“गेल्यात कुटं?” त्या म्हणाल्या. “घरातच हायत. सासूकडं ठेवल्यात.” मग जाऊबाईंकडे बघून आवाज चढवला. “बिंदी भांगात बसली का न्हाय? डोळं फुटल्यात काय? बसली न्हवं? मग जेवाय चला, पंगत वाट बघतीया.”

लोक हसले. सासूने काय झकास विनोद केला, असं म्हणत जेवायला गेले. भर हॉलमध्ये, माइक लावल्यासारखं, खरं सांगितलं गेलं होतं आणि एकालाही ते कळलं नाही. जाऊबाईंनासुद्धा नाही. त्या दिवसापासून माझा माणसांच्या बारीक नजरेवरचा विश्वास उडाला.

तेजू बूट घेऊन सासरी गेली. बिंदी भांगात बसली होती, अट पूर्ण झाली होती, आणि आक्का शब्दाच्या पक्क्या. तेजू शिबिराला गेली. रणजितचं मतही बदललं, म्हणजे त्याच्या आईचं बदलल्यावर. तेजूचा बिंदीतला फोटो इतका फिरला, की नेसरीकडच्या दोन मुली माझ्याकडे येऊन ‘तसे कापून द्या, वर बिंदी लावायची आहे’ म्हणून बसल्या. एकीचे केस कमरेपर्यंत होते. मी तिला चहा पाजून परत पाठवलं. तिची आई अजून मला दुवा देते.

मला एक रुखरुख आहे. त्या दिवशी नावं ठेवली गेली ती मुलीच्या डोक्याला, सासूच्या नाही. काही लोक अजून म्हणतात, नवरीचे केस खोटे निघाले. तेजूला त्याचं काही वाटत नाही, पण मला वाटतं. म्हणून हा लेख लिहायचं ठरवल्यावर मी आक्कांना विचारायचं ठरवलं.

आता त्या महिन्यातले निम्मे दिवस मुलाकडे कोल्हापुरातच असतात. परवा दुपारी आल्या आणि खुर्चीत बसल्या. “जरा घट्ट बांध,” म्हणाल्या. “आज मॅच हाय. गोल झाला की उडी मारावी लागती, आणि त्यो पंच माणूस लई वाईट बघ, त्याला शिव्या घालताना मान हलती.”

मी पिनांना सुरुवात केली. तोच अंबाडा. तेजूने तो परत मागितला नाही आणि आक्कांनी दुसरा घेतला नाही. मी भीतभीत लेखाचं सांगितलं. सगळं लिहू का, विचारलं. आक्कांनी आरशात बघत अंबाड्यावरून एकदा हात फिरवला.

“लिव,” त्या म्हणाल्या. “माझं बी लिव, नाव तेवढं बदल. पर एक कर. तिचं केस खोटं हुतं, आसं लिवू नगंस.”

“पण आक्का, ते तर...”

“डोस्क्यावर माझ्या हायत न्हवं? मग खरं का खोटं, मला म्हाईत. आवर आता, पोरगी मैदानात उतरली आसंल.”